बोन्साय विकत घ्यावे की घडवावे?

बोन्सायचा छंद नव्याने लागलेल्या माणसाला आरंभीच दोन परस्परविरोधी उपदेश ऐकावे लागतात. त्यांतील एक असा की, बाजारातून घडवून तयार असलेले झाड विकत आणण्यात कलेचा लवलेशही नाही, ते केवळ द्रव्याचे प्रदर्शन होय. आणि दुसरा असा की, प्रापंचिक माणसाने कच्च्या झाडापासून बोन्साय घडवण्याच्या भरीस पडूच नये, कारण त्या कामाला एक आयुष्य पुरत नाही. दोन्ही उपदेश करणारे लोक बहुधा अनुभवी असतात आणि दोघांच्याही बोलण्यात सत्याचा काही अंश असतो. परंतु त्या उपदेशांच्या बुडाशी असलेले समज एकेक करून तपासले, तर त्यांतील फारच थोडे टिकतात. ती तपासणी करणे अगत्याचे आहे, कारण ह्या समजांपायी चांगली झाडे मरतात आणि मनापासून शिकू पाहणारी माणसे ह्या सुंदर विद्येला कायमची अंतरतात.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की, विक्रीस ठेवलेले बोन्साय पूर्णत्वास पोहोचलेले असते आणि ते घरी आणल्यावर वेळच्या वेळी पाणी घालण्यापलीकडे आपले काही कर्तव्य उरत नाही. वस्तुतः बोन्साय ही वृक्षाची कोणतीही खुजी जात नव्हे. उथळ ट्रेमधला वड हा गावच्या पारावरल्या वडाचाच सगोत्र असतो, आणि तो मोकळ्या जमिनीत लावला तर काही वर्षांतच आपला स्वाभाविक विस्तार धरू लागतो. त्याचा आटोपशीर आकार ही मुळांच्या व शेंड्यांच्या नियमित छाटणीने आणि पात्राच्या मर्यादेने राखलेली एक अवस्था आहे. राखण्याचे काम थांबले की ती अवस्थाही ओसरू लागते. वृक्षाचा जोम स्वभावतःच शेंड्याकडे धावतो, म्हणून दोन पावसाळे छाटणी झाली नाही तर वरच्या फांद्या पुष्ट होऊन खालच्या, ज्या घडवण्यास सर्वांत अधिक काळ लागलेला असतो त्याच फांद्या, सावलीत अशक्त होऊन वाळतात. सोडवावयाची राहिलेली तार सालीत रुतून कायमचा व्रण करते. आणि मुळांनी पात्र असे गच्च भरते की वरून घातलेले पाणी आत न मुरता काठावरून वाहून जाते. तात्पर्य, तयार झाडाच्या खरेदीत मागील वर्षांचे श्रम तेवढे विकत मिळतात, पुढील वर्षांचे मिळत नाहीत. जपानात हे इतके सर्वमान्य आहे की तेथील कित्येक धनिक आपली मौल्यवान झाडे व्यावसायिकाच्या बागेतच ठेवतात आणि त्यांच्या निगराणीचे वेतन देतात. आणि ज्यांच्या हवाली ती झाडे केली जातात त्या कारागिरांनी स्वतः आपल्या गुरूच्या बागेत साधारणपणे पाच वर्षे उमेदवारी केलेली असते.

ह्यावरून दुसऱ्या समजाचा, म्हणजे स्वतः न घडवलेले झाड बाळगणे हे कमीपणाचे आहे ह्या समजाचा, निकाल बराचसा लागतो. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात पाच-सुयांच्या जातीचा एक पाइन आहे, ज्याच्या संवर्धनाचा आरंभ १६२५ साली झाला असे मानले जाते. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला; ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या नगरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या ह्या घराच्या भिंतीआड तो वाचला; आणि १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने जी ५३ बोन्साय भेट दिली, त्यांत मासारू यामाकी ह्यांनी तो देऊन टाकला. त्याने अणुस्फोट सोसला होता, ही हकीकत तेथील लोकांना २००१ साली, त्या घराण्यातील नातवंडे झाड पाहावयास गेली तेव्हा कळली. मासारू यामाकी ह्यांनी हे झाड घडवण्यास आरंभ केला नव्हता, आज त्याला पाणी घालणाऱ्यांनीही केलेला नाही. तरी त्यांच्यातील कोणाचा वाटा कमी म्हणावा? पिढीजात वाडा ज्याच्या ताब्यात येतो त्याने पाया खोदलेला नसतो, परंतु दरसाल छप्पर शाकारण्याची जबाबदारी त्याचीच असते आणि वाडा उभा राहतो तो त्या शाकारण्यामुळेच. टोकियोच्या उएनो भागात १९३४ पासून भरत आलेल्या ‘कोकुफू’ ह्या सर्वप्रतिष्ठित प्रदर्शनातही कित्येक झाडे मालकाच्या नावाने मांडली जातात आणि त्यांची सिद्धता व्यावसायिक कारागिरांनी केलेली असते. ह्यात तेथे कोणाला लपवण्यासारखे काही वाटत नाही.

उलट पक्षी, कच्च्या झाडापासून आरंभ करणाऱ्याच्या हयातीत काही साध्य होत नाही, हेही खरे नाही. जॉन नाका ह्या जपानी वंशाच्या अमेरिकन कलावंताने ‘गोशिन’ नावाचे आपले जगद्विख्यात ज्युनिपर-वन १९४८ पासून स्वतःच्या हाताने घडवण्यास घेतले, पुढे प्रत्येक नातवंडामागे एक अशी अकरा झाडे त्यात उभी केली, आणि १९८४ साली ते त्याच वॉशिंग्टनच्या संग्रहाला अर्पण केल्यावर आणखी वीस वर्षे तो त्याच्याकडे पाहावयास हयात होता. ही मुदत लांब आहे खरी. पण आपल्या उष्ण प्रदेशातील वड, उंबर, चिंच, बोगनवेल, कामिनी ह्या झाडांची वाढ थंड देशांतील पाइन-ज्युनिपरांपेक्षा पुष्कळ वेगवान असते, आणि मराठी हौशी माणसाने जपानी कालगणना स्वतःला लावून घेऊन हताश होण्याचे काही कारण नाही.

मात्र वेग कशाने येतो ह्याविषयी जो समज प्रचलित आहे, तो सर्वांत अधिक नुकसानकारक होय. रोपवाटिकेतून बोटाएवढ्या खोडाचे रोप आणावे, ते लगोलग सुंदर उथळ ट्रेमध्ये लावावे, आणि तेथे ते यथावकाश जाडजूड, पुराणपुरुषासारखे दिसू लागेल अशी वाट पाहावी, ही नवशिक्यांची जवळजवळ सार्वत्रिक पद्धती आहे. परिणाम असा होतो की दहा वर्षांनंतरही ते खोड बोटाएवढेच राहते. खोड जाड होते ते सालीखालच्या वर्धनशील थरात दरसाल नवे काष्ठ घडल्यामुळे. ते काष्ठ घडण्यास लागणारे अन्न पानांत तयार होते. आणि पाने विपुल यावीत तर मुळांना विस्तारास जागा हवी. उथळ ट्रे मुळांना जागा देत नाही आणि छाटणी पाने राहू देत नाही, म्हणून ट्रेमध्ये गेलेल्या झाडाची जाडी जवळपास गोठते. ट्रे ही घडवण्याच्या अखेरच्या पर्वाची जागा आहे, पहिल्या पर्वाची नव्हे.

म्हणून जाणकार मनुष्य झाड प्रथम जमिनीत, आणि जमीन नसेल तर रुंद टोपलीत किंवा मोठ्या कुंडीत लावतो आणि त्याला मोकाट वाढू देतो. बुंधा हव्या त्या जाडीला आला की खोड बरेच खाली, धीर करून कापतो. त्या कापाखालून फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी एकाला नवा शेंडा म्हणून वाढवतो, तो पुरेसा जाडावल्यावर त्यालाही थोड्या उंचीवर कापतो, आणि असे तीन-चार वेळा केले म्हणजे खाली रुंद व वर निमुळते होत जाणारे, किंचित वळणावळणाचे ते खोड तयार होते, ज्यामुळे हातभर उंचीचे झाड शंभर वर्षांच्या वृक्षासारखे दिसते. पुढे कापून टाकावयाची हे आधीच ठरवून बुंध्याजवळची एखादी फांदी मनुष्यभर उंच वाढू देणे, ही ह्याच पद्धतीची आणखी एक तजवीज. ती फांदी दिसावयास ओबडधोबड असते, घरची मंडळी ती कापण्याचा तगादा लावतात, परंतु तिच्या पानांनी केलेल्या अन्नावरच बुंधा पोसला जात असतो आणि मोठ्या कापांचे व्रणही अशा मोकळ्या वाढीच्या काळातच लवकर भरून येतात. जपानात ताकामात्सु नगरानजीक किनाशी व कोकुबुंजी ह्या भागांत पाइनची बोन्साय-शेती प्रसिद्ध आहे. तेथे कोवळी झाडे शेतात ओळीने लावलेली असतात, आणि त्यांतील कित्येक झाडांना पाहून ही पुढे मानाच्या पात्रात बसणार आहेत असे अनभिज्ञ माणसाला वाटावयाचे नाही.

बियांपासून आरंभ करणे हीच खरी साधना, असेही पुष्कळ सांगतात, आणि ‘बोन्सायचे बी’ म्हणून रंगीत चित्रांची पाकिटेही विकली जातात. बोन्सायचे असे वेगळे बी नसते. पाकिटात सामान्य वृक्षाचेच बी असते, आणि ते बहुधा मेपल-पाइनसारख्या अशा झाडांचे असते, ज्यांना रुजण्यापूर्वी कडक थंडी लागते आणि ज्यांना दख्खनचा उन्हाळा मानवत नाही. ज्याला घाई नाही त्याने बी पेरावे, मूळ व बुंधा प्रथमपासून इच्छेनुरूप वळवता येतो हा त्यात मोठा लाभ आहे. परंतु नवशिक्याचे पहिले पाऊल म्हणून ते योग्य नव्हे, कारण छाटणी, तार आणि मुळांचे काम शिकावयास त्याला हाताशी झाडच नसते. त्यापेक्षा गुटी कलम किंवा छाट कलम कितीतरी लवकर फळास येते. वड-उंबराच्या जाड फांदीलाही पावसाळ्यात गुटी बांधली असता मुळे फुटतात, आणि एरवी ज्या जाडीसाठी वर्षे मोजावी लागली असती ती एका ऋतूत पदरी पडते.

आता पैशाचा हिशेब. घडवलेले झाड महाग आणि कच्चे स्वस्त, हे पहिल्या दिवसापुरतेच खरे. कच्च्या झाडाच्या जमाखर्चात पुढे मोठी पात्रे, तार, फांदी खोडालगत खोलगट कापणारी कात्री, निचऱ्याची माती आणि शिकताना मेलेली झाडे ही सर्व कलमे येतात. आणि जो हे सर्व खर्च टाळतो त्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. उलट महाग झाड घेणाऱ्याने किमतीचा संबंध वयाशी जोडू नये. जाड बुंधा म्हणजे वृद्ध झाड, हा समज व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडणारा आहे. फुगीर, रताळ्यासारख्या मुळांवर उभे असलेले जे छोटे फायकस सर्वत्र विकले जाते, ते आपल्या नांद्रुकाच्याच जातीचे होय; चीनच्या फूजिएन प्रांतात ते बियांपासून प्रचंड संख्येने वाढवले जाते, मुळांवरची माती दूर करून ती उघडी पाडली जातात, आणि वर लहान पानांच्या प्रकाराची कलमे बांधली जातात. ते काटक आहे, शिकण्यास चांगले आहे. परंतु त्याला दशकांचा इतिहास नाही, आणि तशा इतिहासाचा दाम त्याच्यासाठी मोजू नये.

एक मामला मात्र केवळ गैरसमजावर सोडून देण्यासारखा नाही. सह्याद्रीच्या कातळावर वाऱ्याने आणि गुरांच्या तोंडाने खुरटलेले करवंद किंवा उंबर दिसले की ते कोणाचेच नाही, उपटून आणण्यास हरकत नाही, असे पुष्कळांना वाटते. राखीव वनातून परवान्यावाचून वनस्पती काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये अपराध आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू होतो. कायदा बाजूस ठेवला तरी कातळाच्या फटीत गेलेले मूळ अखंड निघत नाही आणि अशी झाडे आणणाऱ्यांच्या हातून ती बहुतेक मरतात. शतकभर वारा सोसून जगलेले झाड हौसेपायी मारणे मला अत्यंत दुःखद वाटते. जुन्या घराच्या भिंतीवरून अथवा गच्चीच्या कोपऱ्यातून जे वड-पिंपळ एरवी काढून फेकलेच जाणार असतात, ते मालकाच्या अनुमतीने मिळवावेत. त्यांत अशी सामग्री सापडते की डोंगरात जाण्याची गरज राहत नाही.

तेव्हा नवशिक्याने काय करावे, असे मला कोणी विचारले तर मी दोन्ही उपदेश नाकारून असे सांगेन की, अत्यंत महाग नसलेले, काटक जातीचे एक घडवलेले झाड घ्यावे, कारण फांद्यांची रचना डोळ्यांना रोज दिसल्यावाचून कळत नाही. आणि त्याच वर्षी साध्या रोपवाटिकेतून तीन-चार दांडगी झाडे आणावीत, कारण कापण्याचे धैर्य महाग झाडावर येत नाही. रोपवाटिकेत शोभेच्या कुंड्यांकडे न जाता मागच्या बाजूस, जेथे विकली न गेलेली, पिशव्या फाडून मुळे जमिनीत उतरलेली जुनी रोपे पडलेली असतात, तेथे शोधावे; फांद्या व पाने पाहू नयेत, त्या पुन्हा येतात. माळ्याची परवानगी घेऊन बुंध्याजवळची माती दोन बोटे उकरावी. मुळे सर्व बाजूंनी पसरलेली असली तर झाड घ्यावे. सगळी एकाच बाजूस असली किंवा एखादे मूळ बुंध्याभोवती वेटोळे घालून त्याला आवळत असले तर, वरचे खोड कितीही देखणे असो, ते तेथेच ठेवून पुढचे पाहावे. वड-उंबराच्या वर्गातील झाडाची मुळे छाटून माती बदलण्याचे काम उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत करावे, आणि ज्या दिवशी मुळे छाटली त्या दिवसापासून नवी पालवी जोमाने फुटेपर्यंत तारेला हात लावू नये.