नऊ गॅलनांचा शेजार

इंग्लंडच्या नकाशात नैऋत्येला जे निमुळतं टोक समुद्रात घुसलेलं दिसतं, ते कॉर्नवॉल. या टोकाच्या जवळ हेल्स्टन नावाचं उतारावर वसलेलं लहान गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या कडेनं दगडी पाटांतून पाणी खळखळत खाली धावत असतं. रस्त्याचं नाव कॉइनेजहॉल स्ट्रीट. या भागातल्या खाणींमधून निघालेल्या कथिलाच्या लाद्या एके काळी इथे तपासायला आणत. लादीचा एक कोपरा कापून त्याचा कस पाहत आणि मगच कर ठरत असे. कोपऱ्याला फ्रेंचमध्ये ‘क्वाँ’ म्हणतात. त्यावरून त्या कामाला कॉइनेज हे नाव पडलं आणि कामावरून रस्त्याला.

या रस्त्यावर गवतानं शाकारलेल्या छपराची एक जुनी दगडी इमारत आहे. तिचं नाव ब्लू अँकर. आत ठेंगण्या तुळया, पायांनी झिजलेल्या फरश्या, मधून जाणारा बोळ आणि छोट्या छोट्या खोल्या. पंधराव्या शतकात हे मठवासी साधूंचं विश्रांतिघर होतं, असं सांगतात. आठव्या हेन्रीनं मठ मोडून काढले आणि साधू गेले, पण पेय बनवणं थांबलं नाही. खाणकामगारांना मजुरी याच जागेत मिळायची, असंही गावात सांगितलं जातं. आजही मागच्या अंगाला पबची स्वतःची भट्टी आहे. तिथे बनणाऱ्या एलचं, म्हणजे इंग्रजी धाटणीच्या बिअरचं, नाव स्पिंगो. कडक पेयासाठी असलेला हा जुना शब्द आता इथल्या पिंपांवरच टिकून आहे.

जिथे बनते तिथेच पाजली जाणारी ही एल पाहिली, की एक प्रश्न मनात घर करतो. जगातली बहुतेक बिअर प्रचंड कारखान्यांत तयार होऊन हजारो मैल प्रवास करते. मग ही घर सोडून का जात नाही? उत्तर शोधायचं तर सुरुवात एका दाण्यापासून करायला हवी.

दाणा सातूचा, म्हणजे बार्लीचा. त्यात पिष्ट खच्चून भरलेलं असतं, पण यीस्टला पिष्ट खाता येत नाही. त्याला साखर लागते. आता पिष्टाची साखर करायची कुणी? ते काम दाण्याकडूनच करून घेतात. तो भिजवतात, पसरून ठेवतात आणि त्याला मोड येऊ देतात. वसंत आला, असं दाण्याला वाटतं. आतला अंकुर एक संप्रेरक सोडतो. त्याचा निरोप पोचताच दाण्याच्या सालीखालचा थर विकरं बनवू लागतो. बाळरोपाच्या शिदोरीसाठी पिष्ट फोडून साखर करायची, हे त्या विकरांचं काम. ती तयार झाली आणि शिदोरी अजून फारशी संपलेली नाही, अशा नेमक्या वेळी दाणे गरम हवेवर वाळवतात. वाढ थांबते, विकरं मात्र शाबूत राहतात. असा मोड आणून वाळवलेला दाणा म्हणजे माल्ट.

आपल्या घरांतल्या आज्यांना हे सांगावं लागणार नाही. बाळासाठी नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून सत्त्व करायचं, ही तीच विद्या. त्या सत्त्वाची पेज गोड का लागते आणि बाळाला सहज का पचते, याचं उत्तर आणि ब्लू अँकरच्या भट्टीचं गुपित एकच आहे.

पुढे माल्ट भरडून गरम पाण्यात कालवतात आणि तासभर राहू देतात. पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस. या तीन अंशांत मोठी करामत दडलेली आहे, कारण इथे दोन विकरं कामाला लागतात. एक पिष्टाची लांबलचक साखळी मधेच कुठेही तोडतं. दुसरं साखळीच्या टोकाशी बसून साखरेचे दोन-दोन मणी सुटे करत जातं. या दुसऱ्याला थोडी कमी उष्णता मानवते. म्हणून मिश्रण जरा कमी गरम ठेवलं, तर यीस्टला खाता येणारी साखर जास्त सुटते आणि एल हलकी, कोरडी होते. एखाद-दोन अंश चढू दिले, तर न फुटलेले तुकडे मागे राहतात आणि घोटाला भरीव गोडवा येतो. भट्टीवरचा माणूस थर्मामीटरवर नजर ठेवून उभा असतो, तेव्हा तो खरं तर महिन्याभरानंतरच्या एका संध्याकाळची चव ठरवत असतो.

चोथा मागे ठेवून गोड पाणी गाळून घेतलं, की ते तास-दीड तास उकळतं. त्यात पडतात हॉपची फुलं. हॉप हा भांगेच्या कुळातला एक वेल आहे. त्याच्या फिकट हिरव्या, कागदासारख्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळी चिकट पूड असते. तिच्यातली आम्लं उकळताना रूप बदलतात आणि पाण्यात उतरतात. एलचा कडवटपणा त्यांच्यातून येतो. सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीची फुलं सुरुवातीला घालतात आणि वासासाठीची अगदी शेवटी, जशी आपण भाजी उतरवताना कोथिंबीर घालतो. या कडवट आम्लांचा आणखी एक गुण आहे. पेय आंबट करणाऱ्या बऱ्याच जीवाणूंना ती वाढू देत नाहीत. हा गुण लक्षात ठेवू या. पुढे त्यानंच इतिहासाला वळण दिलं आहे.

आता गोड-कडू पाणी वीसेक अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट सोडतात. एका रात्रीत पिंपावर पिवळट, खडकाळ फेसाचा डोंगर उभा राहतो. एलचं यीस्ट वर तरंगून आंबवतं. जर्मन पद्धतीच्या लागर बिअरचं यीस्ट थंडीत, तळाशी बसून काम करतं. हे लागरचं यीस्ट दोन जातींच्या संकरातून जन्मलेलं आहे. त्यातली एक एलचीच. दुसरी कोण, हे कोडं २०११ साली सुटलं, जेव्हा तिचे नातलग दक्षिण अमेरिकेत, पॅटागोनियाच्या जंगलांत सापडले. एलचं यीस्ट मात्र आपल्या जवळचं. पावाच्या बेकरीत असतं त्याच जातीचं.

फेसाचा तो डोंगर फेकून देत नाहीत. वरून यीस्ट अलगद काढून पुढच्या खेपेसाठी राखून ठेवण्याची इथली जुनी रीत आहे. ही रीत विरजणाची. आजचं दही कालच्या दह्यातून लागतं, कालचं परवाच्या दह्यातून. एलच्या पेल्यातही अशी न तुटलेली जिवंत साखळी असते. हे आंबवणारे जीवच आहेत, हे लुई पाश्चरनं १८७६ साली बिअरवरच्या ग्रंथात सविस्तर मांडलं. त्याआधीच्या शतकांत लोकांना यीस्ट दिसत नव्हतं, तरी ते त्याला सांभाळत आले, खाऊ घालत आले, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेत आले.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. कारखान्यातली बिअर गाळून, तापवून, तिच्यातलं सगळं जिवंत संपवून बाटलीत भरता येते. पबमधली अस्सल एल जिवंतच पिंपात जाते. थोडं यीस्ट आणि थोडी साखर तिच्यात उरलेली असते. पिंप तळघरात आडवं पडतं आणि आत पुन्हा हळूहळू आंबत राहतं. तो बारीक बुडबुडा बाहेरून भरलेला नसतो, यीस्टनं श्वासातून सोडलेला असतो. मग गढूळपणा घालवायचा कसा? त्यासाठी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ घालण्याची परंपरा आहे. त्याच्या कणांवर धन विद्युतभार असतो आणि यीस्टच्या पेशींवर ऋण. दोघं एकमेकांना ओढून घेतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरची एल आरशासारखी नितळ होते.

तळघराचं तापमान ११ ते १३ अंशांच्या आसपास राखतात. पिंपाच्या वरच्या भोकात लाकडाची छोटी खुंटी असते. मऊ लाकडाची बसवली, की वायू झिरपून जातो. कडक बसवली, की आत कोंडून राहतो. दिवसातून किती वेळ कोणती खुंटी, हा तळघर सांभाळणाऱ्याच्या अनुभवाचा भाग. वर काउंटरवर जो उंच दांडा दिसतो, तो साधा हातपंप. आपल्या गावातल्या हापशासारखाच. कुणीतरी दंडाच्या जोरावर तळघरातून पेला वर ओढून काढतं.

आणि आता त्या प्रश्नाचं उत्तर. पिंपातून पहिला पेला निघाला, की त्याच्या जागी हवा आत शिरते. हवेशी गाठ पडली, की एल बदलू लागते. पहिल्या दिवशी ती उमलते, दोन-तीन दिवस बहरात असते, मग चव उतरते आणि शेवटी आंबटपणा डोकावतो. फर्किन नावाच्या लहान पिंपात नऊ गॅलन मावतात. म्हणजे ७२ पाइंट, जवळजवळ ४१ लिटर. ते तीनेक दिवसांत संपायला हवं. एका माणसाला ते शक्य नाही. एका कुटुंबालाही नाही. जवळच राहणारे, चालत येणारे, आज आणि उद्याही येणारे वीस-पंचवीस शेजारी त्याला लागतात. पबमधला मोकळेपणा, अनोळखी पाहुण्याशी सहज सुरू होणाऱ्या हवापाण्याच्या गप्पा, सगळ्यांसाठी पाळीपाळीनं पेले आणण्याची रीत, हे लोकांच्या स्वभावातून येतं हे खरंच. पण त्या पिंपालाही ते हवं असतं. शेजाराशिवाय ही एल जगतच नाही.

जुन्या इंग्लंडला हे ठाऊक होतं. हॉप रुळण्यापूर्वीची एल काही दिवसांतच बिघडायची. गावोगावी बायका ती घरी बनवत आणि ताजी एल तयार झाली, की दाराबाहेर काठी किंवा झाडोऱ्याचा झुपका लावत. ती खूण बघून शेजारी येत. पब हे पब्लिक हाउस या नावाचं लघुरूप, आणि चार लोकांसाठी उघडलेलं घर हा त्याचा अर्थ अशा दारांत शब्दशः खरा होता.

मग पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून हॉप आले आणि पेय टिकू लागलं. जे टिकतं ते प्रवास करू शकतं. पुढे कालवे आले, रेल्वे आली, मोठ्या भट्ट्यांनी पब विकत घेतले. विसाव्या शतकात तापवलेली, बाहेरून वायू भरलेली बिअर सगळीकडे पोचली. प्रत्येक शोधानं पेयाला शेजारापासून थोडं थोडं सोडवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःची एल बनवणारे पब हजारोंनी होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चार उरले. त्यांतला एक ब्लू अँकर. १९७१ मध्ये चार तरुणांनी अस्सल एल वाचवण्याची चळवळ सुरू केली. आज कॅम्रा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या चळवळीनं लोकांना या चवीची पुन्हा आठवण करून दिली. पाठोपाठ नव्या छोट्या भट्ट्या उगवू लागल्या.

प्रवासाला निघालेल्या एलचा एक पत्ता मुंबई होता. आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी पोचणाऱ्या जहाजांतून भरपूर हॉप घातलेली फिकी एल ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांसाठी इथे उतरायची. तिच्याच वंशातल्या शैलीला पुढे इंडिया पेल एल हे नाव मिळालं. आणि त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या वाटेवर आपल्या नाशिकजवळचं देवळालीही होतं. नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत घरी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसायचे. जहाजांचा हंगाम हुकला, तर महिनोन् महिने. उन्हात, रिकामपणात काहींचं डोकं फिरायचं. इंग्रजीत भ्रमिष्टपणाला ‘डूलाली टॅप’ हा शब्द मिळाला तो इथून. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. २००९ साली पुण्यात स्वतःची बिअर बनवून तिथेच पाजणारी जी जागा सुरू झाली, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्यांपैकी, तिनं हेच नाव घेतलं. एल जहाजातून इथे आली, आपला शब्द जहाजातून तिकडे गेला, आणि शेवटी भट्टी पुन्हा पिणाऱ्यांच्या जवळ येऊन थांबली.

हेल्स्टनमध्ये घरी परतलेल्या शिपायांच्या आठवणीची एक एल आहे. स्पिंगो मिडल. पाच टक्क्यांची, तांबूस, किंचित गोडसर. पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या गावकऱ्यांच्या स्वागतासाठी ती १९१९ साली पहिल्यांदा बनवली गेली. त्या दिवसांत भट्टीवर उभ्या असलेल्या माणसानं काय केलं असेल, हे आता आपल्याला कळतं. त्यानं दाण्याला मोड येण्याइतकी, यीस्टचा फेस चढून उतरण्याइतकी, पिंपातली एल नितळ होण्याइतकी वाट पाहिली. आणि मग पिंप फोडलं ते या विश्वासावर, की ते संपवायला पुरेशी माणसं आता गावात परत आली आहेत.