भाव ठरल्यानंतरची कपात

शेतमालाच्या व्यापारातला अनुचित व्यवहार बहुतेक वेळा भाव ठरताना होत नाही, तो भाव ठरल्यावर होतो. सौदा पक्का झाला, माल शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून उतरला, आणि मग बलवान बाजूने एकतर्फी अटी बदलल्या, असे त्याचे साधारण स्वरूप असते. ग्वाल्हेर जिल्ह्यातील भाताच्या एका ट्रॉलीचा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, 50 क्विंटल भात 2,400 रुपये क्विंटलने लिलावात गेला. शेतकऱ्याचे येणे झाले 1,20,000 रुपये. वजनाच्या वेळी क्विंटलमागे एक किलो कडता (वजनातली सूट) धरला, 1,200 रुपये गेले. व्यापाऱ्याच्या गोदामात ‘तळचा माल ओला निघाला’ म्हणून क्विंटलमागे 50 रुपये उतरवले, आणखी 2,475 गेले. पैसे आजच रोख हवे असतील तर दीड टक्का बट्टा, म्हणजे 1,745 रुपये. एकूण 5,420 रुपये गळाले आणि लिलावाच्या पुकाऱ्यात त्यांतला एक पैसाही दिसला नाही. एवढ्या रकमेत डीएपी खताच्या चार गोण्या येतात. हिशेब कल्पित असला, तरी यातली प्रत्येक कपात मंडीत माल नेणाऱ्या माणसाच्या ओळखीची आहे.

म्हणून भाव पडला की शेतकरी लुटला गेला, ही सरसकट समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. शिंदे संस्थानाच्या काळात बांधलेल्या हरसी धरणाच्या पाण्यावर ग्वाल्हेर जिल्ह्यातला डबरा आणि भितरवार हा पट्टा भाताचा झाला. दिवाळीच्या सुमारास सगळ्यांचे भात एकाच वेळी कापणीला येते, मंडीबाहेर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि भाव उतरतो. ही आवकेची मंदी आहे. तिच्यावर उपाय साठवणुकीचा, तारण कर्जाचा, सरकारी खरेदीचा. कपात हा वेगळा रोग आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हातात आला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा धनादेश. देशभर चर्चा झाली ती दोन रुपयांची. एक रुपया भाव ही बाजाराची पडझड होती आणि ती भीषण होती. पण नियमाच्या दृष्टीने बोट ठेवायची जागा पुढच्या तारखेचा धनादेश ही होती. त्या व्यापाऱ्याचा परवाना पुढे निलंबित करण्यात आला.

‘पैसे आठ-पंधरा दिवसांनी मिळतात, तशी रीतच आहे,’ हे वाक्य इतके रुळले आहे की अनेक शेतकरी तोच नियम समजतात. मध्य प्रदेशाचा नियम याच्या नेमका उलट आहे. मध्य प्रदेश कृषी उपज मंडी अधिनियम, 1972 च्या कलम 37 नुसार मंडीच्या आवारात घेतलेल्या मालाचे पैसे विकणाऱ्याला त्याच दिवशी, तिथेच द्यायचे असतात. त्या दिवशी दिले नाहीत, तर एकूण रकमेवर दररोज एक टक्का जादा द्यावा लागतो. वरच्या उदाहरणात हे दिवसाला 1,200 रुपये होतात. ही जादा रक्कम धरून सगळे देणे पाच दिवसांत चुकते झाले नाही, तर सहाव्या दिवशी व्यापाऱ्याचा परवाना रद्द झाला असे मानले जाते, आणि वर्षभर त्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला नवा परवाना मिळू शकत नाही. नातेवाइकाचा उल्लेख मुद्दाम आहे: एका नावाने पेढी बुडवायची आणि भावाच्या नावाने तीच पेढी पुन्हा उघडायची, ही वाट बंद करण्यासाठी. देशातल्या शेतमाल कायद्यांत इतकी धारदार तरतूद क्वचितच सापडेल. ती वापरली जात नाही याचे मुख्य कारण तक्रार होत नाही हे आहे. त्याच व्यापाऱ्याकडून बियाण्याला किंवा घरच्या लग्नाला उचल घेतलेली असते, पुढच्या हंगामात त्याच्याच दारात माल न्यायचा असतो. दिवसाला एक टक्का मागण्याचा हक्क या दबावाखाली तोंडातून बाहेर पडत नाही.

या हक्काला आणखी एक मर्यादा आहे, आणि तिच्याविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. मंडीच्या बाहेर, घरच्या अंगणात माल विकला की हमाली वाचते, खेप वाचते आणि संरक्षण मात्र तेच राहते, असे मानले जाते. प्रत्यक्षात मंडीतल्या व्यवहाराला कागदाची साखळी असते. फाटकावर प्रवेश पर्ची, लिलावानंतर अनुबंध पर्ची, काट्यावर तौल पर्ची आणि शेवटी भुगतान पत्रक. भाव, वजन, खरेदीदाराचे नाव आणि तारीख या चार गोष्टी तिथे लिहिल्या जातात. अंगणातल्या विक्रीत बहुधा वहीच्या फाटक्या पानावरचा आकडा एवढाच पुरावा उरतो. मंडीच्या कार्यक्षेत्रात आवाराबाहेर खरेदी करणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि परवानाधारक व्यापाऱ्याने शेतकऱ्याशी थेट सौदा करून तो मंडीकडे नोंदवावा यासाठी राज्यात ‘सौदा पत्रक’ ही पद्धतही आहे. पण गावात वर्षानुवर्षे येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे परवाना मागायला संकोच वाटतो.

त्या संकोचाची किंमत भितरवार तालुक्यात डिसेंबर 2020 मध्ये दिसली. गावात येऊन भात घेणारा एक स्थानिक व्यापारी डझनाहून अधिक शेतकऱ्यांचे पैसे न देता पसार झाला. थकलेली रक्कम 40 लाखांच्या आसपास सांगितली गेली. त्या वेळी केंद्राचा 2020 चा शेतमाल व्यापार कायदा लागू होता. त्या कायद्यात पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामकाजी दिवसांत देण्याची अट होती आणि वादाचा निवाडा उपविभागीय अधिकाऱ्याकडे होता. प्रशासनाने त्याच कायद्याखाली त्या व्यापाऱ्याची मालमत्ता लिलावात काढली. या कारवाईवरून ‘बाहेर विकले तरी सरकार मालमत्ता विकून पैसे देते’ अशी समजूत होऊ शकते. तो कायदा आज अस्तित्वात नाही. 12 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने त्यासह 2020 चे तिन्ही कृषी कायदे रद्द केले. शिवाय पळून गेलेल्या माणसाची मालमत्ता विकून सगळ्यांची थकबाकी भागेल, याची हमी कोणताच कायदा देऊ शकत नाही.

अडतीबाबत तर महाराष्ट्रातले आणि ग्वाल्हेरचे नियम लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. मध्य प्रदेशाच्या कायद्यात अडत्याने आपली अडत खरेदीदार व्यापाऱ्याकडून घ्यायची आहे. शेतकऱ्याच्या पैशातून ती कापायची नाही. महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा बदल 2016 मध्ये झाला आणि तोही व्यापाऱ्यांच्या कडव्या विरोधानंतर. भाजीपाल्यात पहाटेच्या घाईत कच्च्या चिठ्ठीवर हिशेब होतो, तिथे ‘खर्च’ या एकाच शब्दाखाली अडत दडू शकते. खर्चाची प्रत्येक बाब वेगळी लिहून मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

वजनाचे तसेच. इलेक्ट्रॉनिक काटा खोटे बोलत नाही, असे मानून अनेक जण निर्धास्त होतात. काट्याची वैध मापनशास्त्र विभागाकडून दर बारा महिन्यांनी पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो. तो पाहणे कोणालाही शक्य आहे. पण कडता काट्यात नसतो, काट्यावर आलेल्या आकड्यातून तो नंतर वजा होतो. पोत्याचे रिकामे वजन वजा करणे रास्त आहे. त्यापुढची ‘सूट’ म्हणजे फुकटात घेतलेला माल.

ओलाव्याच्या वादात मात्र शेतकऱ्याची बाजू दरवेळी बरोबर असतेच असे नाही. सरकारी खरेदीत भाताचा ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो, त्याहून ओला भात साठवणीत खराब होतो, आणि व्यापाऱ्यालाही ते नुकसान खरेच सोसावे लागते. प्रश्न ओलावा कधी आणि कोणासमोर मोजला याचा आहे. ढिगाऱ्यावर, लिलावाआधी, दोघांसमोर मापकाने मोजला तर तो भावाचा भाग होतो. गोदामात, शेतकऱ्याच्या पाठीमागे, हाताने चाचपून ठरवला तर ती कपात ठरते.

हमीभावाविषयी थोडक्यात सांगणे पुरे. 2025-26 च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव 2,369 रुपये होता. त्याहून कमी भावात खासगी खरेदी झाली, तर तो गुन्हा नव्हे. हमीभाव हे सरकारच्या खरेदीचे आश्वासन आहे, व्यापाऱ्यावरचे बंधन नव्हे. शांताकुमार समितीने 2015 मध्ये नोंदवले होते, की देशातले जेमतेम 6 टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकतात. बाकीच्यांचे रक्षण करायला उरतात ते व्यवहाराचे नियमच.

दलाल काढून टाकला की प्रश्न मिटेल, हे शहरी वाचकाचे आवडते उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामानुसार ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे 33 पैसे, कांद्यात 36 आणि बटाट्यात 37 पैसे पडतो. दुधात तो 70 पैशांच्या आसपास जातो. गवळ्यापासून घरापर्यंत दुधालाही संकलन, शीतकरण, वाहतूक, विक्री हे सगळे टप्पे आहेतच. फरक आहे तो पद्धतीत: सहकारी संकलन केंद्रावर माप आणि फॅट विकणाऱ्याच्या समोर मोजले जाते, दराचा तक्ता आधीच ठरलेला असतो आणि देयकाचा दिवस ठरलेला असतो. भाजीच्या वाट्यातून जे जाते त्यात नासाडी, भाडे आणि उचलीवरचे व्याजही असते. अडत्या केवळ मध्ये उभा नसतो. बँक दारात उभे करत नाही तेव्हा तो पैसे देतो. ती उसनवारी तशीच ठेवून अडत्या हटवला, तर शेतकरी त्याच अटींवर दुसऱ्या कोणाकडे बांधला जाईल.

तो दुसरा कोणी पुष्कळदा मोठी किरकोळ साखळी असतो. चकचकीत दुकान आणि संगणकीय बिल पाहून तिथला व्यवहार आपोआप स्वच्छ असेल असे वाटते. जगाचा अनुभव वेगळा आहे. ब्रिटनने किराणा साखळ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी 2013 मध्ये कायद्याने स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमला. त्याच अधिकाऱ्याने 2016 मध्ये टेस्को या बलाढ्य साखळीवर ठपका ठेवला, की स्वतःची आर्थिक स्थिती बरी दिसावी म्हणून तिने पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून लांबवले. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने सोळा प्रथांची यादीच केली. नाशवंत मालाचे पैसे 30 दिवसांहून उशिरा देणे, ऐन वेळी मागणी रद्द करणे, कराराच्या अटी एकतर्फी बदलणे, तक्रार करणाऱ्या पुरवठादाराला सूड म्हणून वगळणे, असे बरेच काही त्यात आहे. सुडाचा उल्लेख कायद्यात येणे फार महत्त्वाचे, कारण मंडीतल्या शेतकऱ्याचे मौन नेमके त्या भीतीतून येते. ब्रिटनचा निवाडा अधिकारी ज्या संहितेवर चालतो, तिच्यातही एक उणीव आहे: ती साखळीला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराचे रक्षण करते, त्या पुरवठादाराला माल देणाऱ्या शेतकऱ्याचे नाही.

भारतात किरकोळ साखळ्यांसाठी असा खास कायदा नाही. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला 45 दिवसांच्या आत पैसे मिळवून देतो, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागू देतो. मोहरीची तेलघाणी, मसाल्याचा कारखाना, डाळ मिल यांना त्याचा आधार आहे. केवळ पीक काढणाऱ्या शेतकऱ्याला नाही, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यालाही नाही. ग्वाल्हेरमधील लष्कर भागाच्या दाल बाजारातला छोटा घाऊक दुकानदार साखळीला माल देऊन तीन महिने पैशांची वाट पाहत असेल, तर तोही याच अन्यायाचा बळी असतो. मात्र त्याची गणना कायम लुटणाऱ्यांत होते.

नियंत्रित बाजार हीच शेतकऱ्याला जखडण्यासाठी काढलेली व्यवस्था आहे, हा आरोप 2020 च्या कृषी कायद्यांवरील वादात पुन्हा जोरात झाला. नियंत्रित बाजाराचा इतिहास विदर्भातल्या कारंज्याला 1886 मध्ये सुरू होतो. 1897 मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने अशा बाजारांची शिफारस देशभरासाठी केली. खोटी मापे, मनमानी कपाती आणि रुमालाखाली बोटे दाबून होणारे गुप्त सौदे, म्हणजे हत्ता पद्धत, यांना आळा घालणे हे या बाजारांचे प्रयोजन होते. समित्यांवर व्यापारी आणि पुढारी यांचा कब्जा झाला, परवाने मोजक्यांच्या हाती राहिले, ही टीका खरी आहे. पण उघडा लिलाव आणि लेखी पर्ची या दोन गोष्टी शेतकऱ्याने शंभराहून अधिक वर्षांत मिळवलेल्या आहेत.

ग्वाल्हेर परिसरात थकबाकीची तक्रार मंडी समितीच्या सचिवाकडे लेखी द्यायची असते; राज्याच्या 181 या हेल्पलाइनवरही ती नोंदवता येते. सोबत अनुबंध पर्ची आणि तौल पर्चीच्या प्रती जोडाव्यात आणि तक्रारीवर पोच घ्यावी. तक्रार पाच दिवसांच्या आत गेली, तर व्यापाऱ्याचा परवाना अजून जिवंत असतो, माल बहुधा गोदामातच असतो आणि सचिवाच्या हाती काही करण्याजोगे असते. महिन्याने माल गिरणीत भरडला गेलेला असतो.