विहिरीच्या काठावरचे विद्यापीठ

एप्रिल सरत येतो आणि पर्जन्यछायेतल्या गावाची विहीर तळ दाखवू लागते. ती का आटली, हे कोणाला विचारायचे?

भूवैज्ञानिक काठावर उभा राहून दगड दाखवतो. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा. पाणी मुरमातून झिरपते, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगांत थोडेफार साठते, अभंग काळा कातळ लागला की थांबते. म्हणून एका वावरात बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडे नुसती धूळ उडते. अर्थशास्त्रज्ञाला दगडापेक्षा विजेचे बिल महत्त्वाचे वाटते. पंपाची वीज स्वस्त आणि उसाला हमखास गिऱ्हाईक असेल, तर उपसा कमी का व्हावा? कायद्याचा अभ्यासक 1882 च्या इझमेंट कायद्यापर्यंत मागे जातो. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा, ही समजूत तिथून चालत आली आहे. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमाला तिच्याशीच झगडावे लागते. समाजशास्त्रज्ञ विचारतो, आधी कोणाची विहीर आटली आणि हंडा घेऊन आता कोण चालते?

चौघेही खरे बोलतात, तरी विहिरीचे उत्तर एकट्या कोणाकडेच नाही. पर्यावरणशास्त्राचा विभाग चालवायचा, तर या चौघांना एकाच काठावर आणावे लागते. आपल्याकडे हे कोणी, कसे साधले, ते पाहायला हवे.

देवराईतले दोघे

या वाटेवरचे एक ठळक पाऊल सह्याद्रीतल्या देवरायांत पडले. पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी हार्वर्डला गणिती परिस्थितीविज्ञानात डॉक्टरेट केली आणि 1971 मध्ये ते भारतात परतले. पुण्यात त्यांना वा. द. वर्तक भेटले, झाडे पानापानाने ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघे देवराया धुंडाळत हिंडले. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने देवाच्या नावाने राखलेल्या रानाकडे जगाला संवर्धनाची जुनी व्यवस्था म्हणून पाहायला लावले. वर्तकांकडे झाडांची नावे होती, गाडगीळांकडे प्रश्न होता. आणि ते रान का तोडायचे नाही, हे ज्याला ठाऊक होते, तो गावचा गुरव दोघांचाही शिक्षक होता.

पुढे गाडगीळांनी भारतीय सांख्यिकी संस्थेतले मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या भटक्या समाजांचा अभ्यास केला. फासेपारधी फासे लावून हरणे आणि पाखरे धरत. वैदू सापळ्यांत लहान मांसाहारी प्राणी पकडत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर यांच्या मागे जात. एकाच माळरानावर तिघांची शिकार वेगळी असल्याने त्यांच्यात संघर्ष कमी होई. पोटापाण्याची ही वाटणी जीवशास्त्रज्ञाला एकट्याने दिसली नसती. मानवशास्त्रज्ञानेही ती एकट्याने अशा शब्दांत मांडली नसती.

1983 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितीविज्ञान केंद्र उभे राहिले, ते याच वृत्तीतून. 1992 मध्ये गाडगीळांनी इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासह भारताच्या पर्यावरणाचा इतिहास लिहिला. 2011 च्या पश्चिम घाट अहवालासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली वेगवेगळ्या विद्याशाखांची माणसे बसली. कोणते क्षेत्र किती जपायचे हे ग्रामसभांना विचारून ठरवा, हा त्या अहवालाचा आग्रह चाळीस वर्षे गावोगाव हिंडल्याशिवाय सुचत नाही.

आदेश आला, शिक्षक कुठून आणायचे?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने 1970 च्या दशकातच पर्यावरणविज्ञानाची स्वतंत्र शाखा काढून भौतिकी, भूविज्ञान आणि जीवशास्त्र यांच्या अध्यापकांना एका छपराखाली आणले. देशभर मात्र हा विषय पोचला तो न्यायालयाच्या वाटेने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर पर्यावरण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक पदवी विद्यार्थ्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे पुण्याचे एरच भरुचा पेशाने शल्यचिकित्सक! 1993 मध्ये भारती विद्यापीठात त्यांनी पर्यावरण शिक्षणाची संस्थाही उभारली. या विषयाचा शिक्षक कोणत्याही दारातून आत येऊ शकतो, याचा यापेक्षा चांगला दाखला कुठला?

पण दार उघडे असणे वेगळे आणि घर कोणाचेच नसणे वेगळे. कित्येक महाविद्यालयांत हा विषय ज्याचे तास कमी भरतात त्याच्या पदरात पडला. विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या वह्या उतरवून दिल्या, गुण मिळवले. जवळून वाहणाऱ्या नदीवर मात्र कोणी गेले नाही. याची मला मनापासून खंत वाटते. एवढ्या मोठ्या संधीची आपण नुसती औपचारिकता करून टाकली.

गणिती गावात जातो तेव्हा

याच्या उलटचे चित्र मुंबईच्या आयआयटीत दिसते. तिथे 1985 मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे सितारा केंद्र निघाले. मिलिंद सोहोनी मुळात संगणकशास्त्राचे प्राध्यापक. या केंद्रातून त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी कर्जतच्या वाड्यापाड्यांवर पिण्याच्या पाण्याच्या योजना का कोलमडतात, ते तपासले. शासनाच्या हवामान अनुकूल शेती प्रकल्पासाठी याच आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार करून दिली. पाऊस किती पडला, मातीत किती मुरला, पिकाने किती प्यायले, विहिरीला काय उरले. हा हिशेब करायला गणित लागतेच. पण गावाने कोणते पीक घेतले आणि का, हे विचारल्याखेरीज त्या गणितात आकडे भरता येत नाहीत. पुण्यात भूजलतज्ज्ञ हिमांशु कुलकर्णी यांच्या ॲक्वाडॅम संस्थेने याच्याही पुढे जाऊन जमिनीखालच्या जलधराची ओळख गावकऱ्यांनाच करून दिली.

मुंबईच्या आयआयटीतच विद्युत अभियांत्रिकी शिकून पुढे जंगल आणि पाणी यांच्याकडे वळलेले शरच्चंद्र लेले यांनी या प्रवासातल्या अडचणी नीट मांडल्या आहेत. 2005 मध्ये त्यांनी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नॉरगार्ड यांच्यासह लिहिलेल्या लेखाचे सार असे, की शास्त्रांमधल्या भिंती केवळ भाषेच्या नसतात. कोणता प्रश्न महत्त्वाचा मानायचा, इथूनच मूल्ये आत शिरतात. आपण कोणती मूल्ये घेऊन आलो, हे अभ्यासकाने आधी कबूल केले, तरच संवाद सुरू होतो.

जाणकारी कशी मोजावी?

या सगळ्यांकडे पाहून माझी खात्री झाली आहे, की पर्यावरणाच्या अध्यापकाची जाणकारी दोन गोष्टींत असते. स्वतःचे एक शास्त्र त्याला तळापर्यंत यायला हवे, कारण वर्तकांना झाडे कच्ची ठाऊक असती, तर देवराईचा निबंध उभा राहिला नसता. आणि शेजाऱ्याचे शास्त्र ऐकण्याइतका धीर त्याच्यात हवा. पहिली गोष्ट पदव्यांवरून कळते. दुसरी निवड समितीच्या गुणतक्त्यात कुठेच बसत नाही. दोन विभागांच्या सीमेवर काम करणारा तरुण अध्यापक दोन्हीकडे परका ठरतो. शोधनिबंधांची मोजणी होते, गावात घालवलेल्या उन्हाळ्यांची होत नाही.

यावर माझ्या मते साधा उपाय आहे. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातले एक छोटे पाणलोट क्षेत्र किमान दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावे. विभागातल्या सगळ्या अध्यापकांनी तिथेच काम करावे. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला दोन वेगळ्या शाखांचे मार्गदर्शक असावेत, आणि प्रबंध गावाच्या चावडीवर मराठीतून वाचला जावा. विहिरीची पातळी रोज मोजणाऱ्या शेतकऱ्याला त्यावर प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. शहरातल्या विभागाला तर लांब जायचीही गरज नाही, नाल्याचे पाणी दारातूनच वाहते.

दहावा एप्रिल येईल तेव्हा भूवैज्ञानिक विजेच्या बिलाबद्दल विचारू लागेल आणि अर्थशास्त्रज्ञ मांजऱ्या खडकावर हात फिरवून पाहील. विहिरीत तेव्हा पाणी असेलच असे नाही. पण ती का आटली, या प्रश्नाचे उत्तर त्या काठावर एका सुरात देता येईल, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काय करायचे ते गावाला ठरवता येईल.