खोकला थांबला, जंतूचे काय?

परभणी जिल्ह्यात काय किंवा महाराष्ट्रात इतरत्र काय, खोकल्याने छाती भरली की घरातील वडीलधारी माणसे अडुळशाच्या पानांचा काढा देतात. हा काढा गुणकारी आहे का, असे विचारण्याऐवजी आपण विचारू : तो नेमके काय करतो?

अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या रेणूच्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे औषध बनवले. १९६०च्या दशकात ते वापरात आले. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवर हे नाव आजही वाचायला मिळते. कफातील लांब, धाग्यांसारख्या रेणूंमुळे कफ चिकट होतो. हे औषध तो पातळ करते. मग श्वासनलिकेतील सूक्ष्म रोमकांना तो वर ढकलणे सोपे जाते.

चीनमध्येही असेच घडले. तेथील वैद्य दम्यावर आणि खोकल्यावर माहुआंग ही वनस्पती शतकानुशतके देत आले. तिच्यातील एफेड्रीन जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ साली वेगळे केले. ते आकसलेली श्वासनलिका रुंदावते. दोन्ही परंपरांचे निरीक्षण खरे होते.

पण कफ सुटणे वेगळे आणि रोगाचा जंतू मरणे वेगळे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडाभरात आपोआप बरी होते. तिथे आराम मिळाला तरी पुरे. क्षयाचा जंतू मात्र चिवट. त्याच्या एका पेशीच्या दोन व्हायला सुमारे २० तास लागतात आणि काही जंतू तर नुसते सुस्त पडून राहतात. म्हणून अनेक औषधे एकत्र, साधारणपणे सहा महिने घ्यावी लागतात. काढ्याने बरे वाटले आणि तपासणी लांबली, तर फुप्फुस पोखरले जाते, घरातल्यांनाही लागण होते.

‘अमका तर काढ्यानेच बरा झाला!’ असे कोणी म्हणेल. याचे उत्तर १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. क्षयाच्या १०७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील २८ जणांच्या क्ष-किरण चित्रांत मोठी सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात ४ जणांच्या. मृत्यू अनुक्रमे ४ आणि १४. त्या विश्रांतीवाल्या चौघांना काढा दिला असता, तर श्रेय कोणाला मिळाले असते?

वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. अडुळशाच्या काढ्याची परीक्षा कशी घ्यावी, गट कसे पाडावेत, मोजायचे काय, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. आणि एक गोष्ट घरी सांगायला लावा : खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे तेथे मोफत मिळतात.