अडलं तिथंच धंदा आहे

धंद्याची कल्पना शोधत लांब जायला नको. आमच्या बुऱ्हाणपूरच्या केळीच्या बागेत या. केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरला की उभं खोड कापून रानाबाहेर ओढायचं. त्यात बहुतांश पाणीच, त्यामुळे वजन भलतंच, आणि मजुरी खिशातून! याच कटकटीतून इथे धाग्याचं काम उभं राहिलं. खोडाचे पदर सोलून यंत्राच्या रोलरला लावले की गर खरवडून निघतो, हातात ओला, चमकदार धागा उरतो. वाळला की त्याच्या चटया, पिशव्या, टोपल्या होतात. बचत गटांतल्या बायका हे विणतात, याचा मला फार अभिमान आहे.

शहरातली गोष्ट ऐका. 2005च्या दिवाळीत बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा यांना घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. कुठल्या गाडीत जागा आहे, हे एका ठिकाणी कळायची सोयच नव्हती. पुढच्याच वर्षी मित्रांसोबत त्यांनी बसची तिकिटं ऑनलाइन देणारी रेडबस सुरू केली.

मला वाटतं, अशा अडचणी हेरायला आठवडाभर एक वही जवळ ठेवावी. कुठे ताटकळलो, कशासाठी नाइलाजाने जास्त पैसे मोजले, कुठला जुगाड रोज करावा लागतो, ते लिहावं. मग शेजारच्या दहा घरांत विचारावं: तुमचंही हेच अडतं का? आणि लगेच दुसरा प्रश्न, जो लोक लाजून टाळतात: यासाठी किती पैसे द्याल?