मुलांची बैठक रंगते कशी? पहिली दहा मिनिटं आणि आऊट झालेलं पोर

आजचा भाग एका प्रश्नावर. सोसायटीत मुलांचं मंडळ सुरू केलं, पहिल्या शनिवारी पंचवीस जण आले, महिन्याभरात आठ उरले. असं का होतं?

मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवारी संध्याकाळी आठ ते तेरा वयाच्या पोरांची बैठक घेतो. माझं निरीक्षण सांगतो. बैठक सहाची असेल तर सहालाच खेळ सुरू करायचा. 'सगळे येऊ देत' म्हणत थांबलात की वेळेवर आलेल्या मुलांनाच शिक्षा होते. पहिला खेळ असा हवा की उशिरा येणारा धावत येऊन मध्येच शिरू शकेल. विषामृत त्यासाठी झकास आहे. हजेरी, सूचना वगैरे नंतर, पोरं दमल्यावर.

आता मुख्य मुद्दा: आऊट होणं. संगीत खुर्ची घ्या. वीस मुलं, एकोणीस फेऱ्या, एक फेरी साधारण मिनिटाची. पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल अठरा मिनिटं नुसतं बसून राहतं. आणि पहिलं बाद कोण होतं? बहुतेकदा सगळ्यात लहान, नाहीतर सगळ्यात बुजरं. म्हणजे ज्याला खेळायची जास्त गरज, त्यालाच आपण भिंतीला टेकवून बसवतो. ते पुढच्या शनिवारी कशाला येईल? विषामृतात हा घोळ नाही. 'विष' मिळालेला गडी जागेवर थांबतो, मित्राने 'अमृत' दिलं की परत पळतो. लंगडीतही गडी बाहेर बसवण्याऐवजी गुण मोजा आणि त्याला रांगेच्या शेवटी पाठवा. खेळ तोच, फक्त नियमात एक छोटा बदल. (आमच्या भाषेत, एका ओळीचा फिक्स!)

गट लहान ठेवा, पाच-सहा जणांचे. ही कल्पना जुनी आहे. 1907 मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर शिबिर घेतलं तेव्हा जेमतेम वीसेक मुलांचेही चार गट केले होते आणि प्रत्येकाचा नायक मुलांपैकीच होता. वीस जणांत गप्प मूल सहज लपतं, पाचांत त्याला काम मिळतंच. मी नायक दर महिन्याला बदलतो, नाहीतर मोठा आवाज असलेलाच कायमचा साहेब होतो.

बसून खेळायचं असेल तर 'किम्स गेम'. किपलिंगच्या 1901 सालच्या 'किम' कादंबरीवरून स्काउटिंगमध्ये आलेला. ताटात पंधरा वस्तू ठेवा: चिंचोका, सेफ्टी पिन, बसचं तिकीट, काहीही. मिनिटभर बघू द्या, मग झाका. गटाने मिळून यादी करायची. इथे धावण्यात मागे पडणारी पोरं अचानक गटाची हिरो होतात. बघायला फार मजा येते.

आणि हो, दोन मोठी माणसं कायम हजर पाहिजेत. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. यावर चर्चा नको.

खेळ ऐन रंगात असताना थांबवायचा. "दादा, अजून एकच डाव!" असं ऐकू आलं की ओळखायचं, वेळ झाली. शेवटची पाच मिनिटं गोल करून एकच प्रश्न: पुढच्या वेळी काय नको? मुलं बेधडक सांगतात. आमच्याकडे 'दादाचं भाषण नको' असं आलं होतं. पुढच्या शनिवारी भाषण काढून टाकलं. ऐकून घेऊन बदल केला नाही, तर तिसऱ्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

तुमच्या मंडळात आऊट न करता खेळायचे कुठले खेळ आहेत? कळवा. पुढच्या भागात पावसाळ्यात, जिन्याखालच्या जागेत काय खेळता येतं ते बघू.