दिसली नाही, की पाहिलीच नाही?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. माझ्याकडे रात्रीचे नऊ, बेल्ह्यात संध्याकाळचे साडेपाच.

"गेल्या बरं का तुझ्या पाकोळ्या."

"कधी गेल्या?"

"कधी म्हणजे? तारांवर दिसंनात आता."

"शेवटच्या कधी दिसल्या होत्या आप्पा?"

"आता ते कसं सांगू? कांदा काढायला माणसं लावलीत. मी काय तारांकडं बघत बसलोय का दिवसभर?"

आप्पांचं हे शेवटचं वाक्य तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या सिनॉप्सिसमधलं एक अख्खं प्रकरण याच वाक्यावर पडलं. फरक इतकाच, की आप्पांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं आणि मी माझ्या वहीत ते कुठं लिहिलंच नव्हतं.

पाकोळी म्हणजे भिंगरी, शास्त्रीय नाव हिरुंडो रस्टिका. बेल्हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, पारनेरच्या हद्दीजवळ, पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यात आहे. पावसाळा सरला की या पाकोळ्या आमच्याकडे येतात. कल्याण-नगर रस्त्याच्या कडेच्या तारांवर ओळीनं बसतात, कांद्याच्या आणि उसाच्या शेतांवरून किडे टिपत फिरतात आणि पळस फुलून गेला की उत्तरेकडे निघून जातात. मी पीएचडीसाठी जपानात त्सुकुबाला आले, तेव्हा इथं नेमकं उलटं चित्र दिसलं. इथं हाच पक्षी वसंतात येतो. सुपरमार्केटच्या छज्जाखाली चिखलाचं घरटं बांधतो आणि दुकानदार घरटं पाडण्याऐवजी खाली पुठ्ठा लावतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर विष्ठा पडू नये. आपल्याकडे निरोप आणि इथं स्वागत, तेही त्याच पंधरा-वीस दिवसांत. पहिल्या वर्षी मला वाटलं, बेल्ह्याच्या तारेवरनं उडालेली पाकोळीच इथं पोचली! तसं नाहीये. जपानातल्या बहुतेक पाकोळ्या हिवाळ्यात फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशियाकडे जातात. आपल्याकडे येणाऱ्या वेगळ्या. जात एक, वाटा वेगळ्या. घरची आठवण येत असली की माणूस असले निष्कर्ष फार लवकर काढतो.

आता वहीकडे येऊ. आठवी ते बारावी मी एका दोनशेपानी वहीत पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. पाकोळ्या कधी आल्या, शेवटच्या कधी दिसल्या, तारखेनिशी. पाच वर्षांच्या नोंदी! इथं आल्यावर त्या एक्सेलमध्ये भरल्या, आलेख काढला आणि माझे डोळे चमकले. पाकोळ्यांची जाण्याची तारीख अलीकडे सरकत होती. दहावीच्या वर्षी जरा अलीकडे, बारावीच्या वर्षी तर फेब्रुवारीतच. हवामानबदल, बेल्हे, माझी स्वतःची वही. यापेक्षा चांगलं प्रकरण कुठलं मिळणार? सेन्सेईंना दाखवलं. त्यांनी आलेखाकडे बराच वेळ पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "नोंद नाही त्या दिवशी पक्षी नव्हता, की तुम्ही नव्हता?"

खोलीवर येऊन वही पुन्हा उघडली. दहावीची परीक्षा तेव्हा मार्चमध्ये असायची, बारावीची फेब्रुवारीत सुरू व्हायची. पाकोळ्या त्या वर्षी लवकर गेल्या नव्हत्या, मी अभ्यासाला बसले होते. मग येण्याच्या तारखा पाहिल्या. दोन वर्षी 2 ऑक्टोबर, बाकीचे सगळे रविवार. गांधीजयंतीची सुट्टी पाकोळ्यांनाही असते म्हणायचं!

हसू येतं, पण हे मी त्यानंतरही पुन्हा केलं, आणि तेही इथंच. उगुइसु नावाचा एक छोटा पक्षी इथं वसंताचा भालदार मानला जातो. झुडपात लपून असतो, दिसत फारसा नाही, पहाटेपासून 'होऽऽ होकेक्यो' अशी शीळ घालतो. पहिल्या वसंतात मी त्याच्या आवाजाच्या नोंदी ठेवल्या. महिन्याभरानं पाहिलं तर जवळपास सगळ्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या. आता जपानात राहणाऱ्याला हे कोडं लगेच सुटेल. आमच्या भागात जळाऊ कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठच्या आत ठेवावा लागतो. एरवी मी लॅबमधून रात्री उशिरा येणारी, सकाळी उशिरा उठणारी. आठवड्यातून दोनदा कचऱ्याची पिशवी घेऊन वेळेत खाली उतरायचे, तेव्हाच उगुइसु ऐकू यायचा. माझा डेटा पक्ष्याचा नव्हता, नगरपालिकेच्या कचऱ्याच्या वेळापत्रकाचा होता.

हा मुद्दा आपल्या घरातल्या दिनदर्शिकेवरून सगळ्यात सोपा कळतो. पुण्यात शिकताना आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. दूध आलं की कॅलेंडरच्या चौकोनात लिटर लिहायचं, नाही आलं की 'खाडा' लिहायचं. महिनाअखेरीला हिशोब करताना भांडण व्हायचं ते कुठल्या दिवसांवरून? लिटर लिहिलेल्या नाही, खाडा लिहिलेल्याही नाही. भांडण रिकाम्या चौकोनावरून. त्या दिवशी दूध आलं नव्हतं, की कुणी लिहायचं विसरलं? खाडा ही माहिती आहे. रिकामा चौकोन ही माहिती नाही. संशोधनात नवशिक्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे रिकाम्या चौकोनाला खाडा समजणं. एक्सेलमध्ये रिकाम्या जागी शून्य भरलं की ती चूक तुमच्या नकळत कायमची होऊन बसते, कारण सॉफ्टवेअर काही विचारत नाही.

बरं, खाडा लिहिला म्हणून तरी पूर्ण विश्वास ठेवायचा का? पक्ष्यांच्या बाबतीत तेवढ्यानंही भागत नाही. दूध दारात आलं तर दिसतंच. पाकोळी गावात असूनही तुम्हाला न दिसणं सहज शक्य आहे. समजा, पाकोळ्या गावात असतील तर अर्ध्या तासाच्या फेरीत त्या दिसण्याची शक्यता 40 टक्के आहे. म्हणजे न दिसण्याची 60 टक्के. तुम्ही तीन वेळा गेलात आणि तिन्ही वेळा दिसल्या नाहीत, तर 0.6 × 0.6 × 0.6 = 0.216. पाकोळ्या गावात असूनही, शंभरातल्या जवळपास 22 वेळा तुम्ही 'गेल्या' असं लिहाल. सहा फेऱ्या रिकाम्या गेल्या तर हाच आकडा 5 टक्क्यांच्या खाली येतो. यात एक अट आहे, फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. एकाच दुपारी सहा वेळा तीच तार बघून आलात तर ती एकच फेरी धरा. याच विचारातून ऑक्युपन्सी मॉडेल नावाची पद्धत तयार झाली. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांचा 2002 चा लेख तिचा पाया मानला जातो. नाव ऐकून घाबरू नका. एकाच जागी पुन्हापुन्हा गेल्याच्या 'दिसला-नाही दिसला' अशा नोंदींवरून ती 'दिसण्याची शक्यता' आणि 'असण्याची शक्यता' वेगळी काढते. पण पुन्हापुन्हा गेल्याच्या नोंदीच नसतील तर कुठलंच मॉडेल तुम्हाला वाचवणार नाही.

'पहिली तारीख' हा आकडा तर फारच फसवा. समजा, मी आधी फक्त रविवारी पाकोळ्या बघायला जायचे आणि पुढच्या वर्षीपासून रोज जायला लागले. पाकोळी आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी येऊ शकते, म्हणून रविवारवालीला ती सरासरी तीन दिवस उशिरा दिसणार. रोज जायला लागल्यावर माझी 'पहिली तारीख' सरासरी तीन दिवस अलीकडे येईल. पाकोळी तिच्या वेळेलाच आलीय, सवय माझी बदललीय. तीन दिवस किरकोळ वाटतात, पण ऋतूंच्या अभ्यासात दहा वर्षांत होणारे बदल अनेकदा याच मापाचे असतात! बघणारी माणसं वाढली तरी हेच होतं, कारण जितके डोळे जास्त, तितकी लवकरात लवकरची तारीख आणखी लवकर. म्हणून शक्य असेल तिथं पहिला पक्षी सोडा आणि निम्मे पक्षी येऊन गेले ती तारीख काढायला शिका.

शेवटची तारीख त्याहून अवघड. पहिली पाकोळी दिसली की तुम्हाला त्याच क्षणी कळतं. शेवटची दिसते तेव्हा ती शेवटची आहे हे कळतच नाही. ते कळतं नंतर, तुम्ही बघत राहिलात आणि काहीच दिसलं नाही तर. म्हणजे निरोपाची तारीख रिकाम्या फेऱ्यांनीच ठरते. नेमक्या या फेऱ्या आपण कंटाळा करून सोडतो, कारण 'काही नाही' लिहायला कुणाला आवडतं?

आवडत नाही, पण आमच्याच तालुक्यात ते रोज लिहिलं जातं. खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी काही जण गेलेही असाल. आकाशातल्या एखाद्या जागी संकेत मिळाला नाही, तर खगोलशास्त्रज्ञ 'तिथं काही नाही' असं लिहीत नाहीत. इतके तास पाहिलं, इतकी संवेदनशीलता होती, म्हणजे तिथं काही असलंच तर ते अमुक इतक्यापेक्षा मंद आहे, असं लिहितात. याला वरची मर्यादा म्हणतात आणि असे निकाल रीतसर छापूनही येतात. 'नाही'ला किंमत येते ती 'किती पाहिलं' या आकड्यामुळे.

जपानच्या हवामान खात्यानं ही शिस्त फार वर्षं सांभाळली. 1953 पासून त्यांच्या केंद्रांमधले कर्मचारी ठरलेल्या पद्धतीनं ऋतूंच्या खुणा नोंदवत होते. साकुरा कधी फुलला, पहिली पाकोळी कधी दिसली, पहिला उगुइसु कधी ऐकला. 34 वनस्पती, 23 प्राणी. पण केंद्रांभोवती शहरं वाढली आणि पक्षी, किडे सापडणं अवघड होत गेलं. पद्धत तीच राहिली तरी भोवताल बदलला, की 'ऐकू आला नाही' याचा अर्थही बदलतो. 2021 पासून खात्यानं प्राण्यांच्या नोंदी पूर्ण थांबवल्या, फक्त 6 वनस्पती ठेवल्या. लोकांना हळहळ वाटली. मग त्याच वर्षी इथल्या राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्थेनं लोकांच्या मदतीनं नोंदी चालू ठेवायचा प्रयोग सुरू केला. ही संस्था त्सुकुबातच आहे.

क्योतोच्या साकुराची मालिका तर इसवी सन 812 पर्यंत मागे जाते, जुन्या रोजनिशांमधल्या फुलोऱ्याच्या आणि समारंभांच्या उल्लेखांवरून जुळवलेली. तिच्यात बरीच वर्षं कोरी आहेत. त्या वर्षी साकुरा फुललाच नाही असं कुणी म्हणत नाही, रोजनिशी मिळाली नाही एवढंच म्हणतात. झाडाच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटतं. पक्ष्याच्या बाबतीत मात्र आपण कोऱ्या पानावरून तो नाहीसा झाल्याची बातमी करतो.

आपल्याकडे यावर सोपा उपाय आता हाताशी आहे. ईबर्डवर यादी टाकताना किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललात, किती जण होतात हे विचारतात आणि शेवटी एक प्रश्न येतो, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? हो म्हटलं की यादीत नसलेला प्रत्येक पक्षी खाडा ठरतो, रिकामा चौकोन राहत नाही. 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात 942 जातींचा आढावा आहे. त्यासाठी सुमारे 30 हजार निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदी वापरल्या. एखादी जात शंभरातल्या किती पूर्ण याद्यांमध्ये आली, हे मोजून तिची चढउतार काढली. नुसते 'मोर दिसला' असे कोटीभर उल्लेख असते तर हे जमलं नसतं.

तुमचा विषय पक्षी नसेल. तरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी तुमच्या नोंदवहीत एक जादा रकाना आखा, 'पाहणी'. कधी गेलात, किती वेळ, कोण गेलं आणि का गेला नाहीत. हे 'का' महत्त्वाचं. आमच्या जुन्नरमध्ये उसाच्या कडेला पहाटे कुणी फिरत नाही, बिबट्याची भीती असते. म्हणजे उसाच्या बांधावरचे पहाटेचे पक्षी आमच्या नोंदींत कमी येणारच. उसाचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो असा प्रबंध उद्या कुणी त्या नोंदींवरून लिहिला, तर त्यात बिबट्याचा परिणाम उसाच्या नावावर जाईल. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्यांचंही तेच. दुपारी गेलात आणि घराला कुलूप असलं तर ते 'उत्तर नाही' नव्हे. ती माणसं शेतावर आहेत आणि कदाचित तुम्हाला नेमकी त्यांचीच मतं हवी आहेत.

माझं ते प्रकरण मी काढून टाकलं. वही टाकली नाही. अमुक दिवशी पाकोळी होती, एवढं ती अजूनही खात्रीनं सांगते. 'नव्हती' हे मात्र ती सांगू शकत नाही.

या वर्षी आप्पांना एक काम दिलंय. सकाळी दूध घालायला जाताना फाट्यापर्यंतच्या तारा बघायच्या आणि घरी आलं की कॅलेंडरवर लिहायचं. दिसल्या तर किती, नाही दिसल्या तर 'नाही', आणि बघितलंच नसेल तर काहीच लिहायचं नाही. आई म्हणाली, "पोरीला परदेशात पाठवलं आणि कामाला आम्हाला लावलं." परवा कॅलेंडरचा फोटो आलाय. एप्रिलमध्ये सलग चार 'नाही', मग दोन चौकोन कोरे, मग एकदम '3', आणि त्यापुढं पुन्हा 'नाही'. कोऱ्या चौकोनांचं विचारलं तर आप्पा म्हणाले, "ते दोन दिवस कांदा घेऊन आळेफाट्याला होतो. तिथल्या तारा तुझ्यात धरायच्या का नाही ते सांग."